इंटरनॅशनल एज्युकेशनचं मास्टर्स करून बाहेर शिकवता येतं का?

गणितवाली_नाशिक:
नमस्कार मंडळी. बीएस्सी बीएड आहे, सीबीएसई शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते, सहा वर्षं झाली. एका एजंटने यूकेचं इंटरनॅशनल एज्युकेशनचं मास्टर्स सुचवलंय, म्हणतो वर्षभराचा कोर्स, मग तिकडेच शाळेत नोकरी आणि पुढे प्रिन्सिपल. घरचे लोन काढायला तयार आहेत पण माझाच पाय निघत नाहीये. कोणी केलंय का?

लंडनहून_परत:
मी केलंय ताई. हा कोर्स शिक्षणाबद्दलचा आहे, वर्गात उभं राहायचं लायसन नाही. वर्षभर निर्वासित मुलांचं शिक्षण, युनेस्को, मातृभाषेतून शिकवावं की नाही, यावर निबंध लिहीत बसलो, शाळेत एकदाही पाऊल टाकलं नाही. एनजीओत किंवा पॉलिसीत जायचं तर झकास, मला स्वतःला खूप आवडला. पण इंग्लंडच्या सरकारी शाळांत क्यूटीएस, म्हणजे शिक्षक म्हणून तिकडची अधिकृत पात्रता, बघतात आणि ते या डिग्रीने मिळत नाही. आणि गंमत म्हणजे 2023 पासून भारतातल्या गणित-सायन्सच्या शिक्षकांना, 11 ते 16 वयाच्या मुलांना शिकवायची ट्रेनिंग नि अनुभव असेल तर, इथे बसूनच थेट क्यूटीएसला अर्ज करता येतो. तुम्ही तर नेमक्या त्यातल्याच! एजंटला यात कमिशन नाही, तो कशाला सांगेल.

दुबईकर_मास्तर:
+१. इकडे गल्फमध्ये सीबीएसई शाळा ढिगाने आहेत, तुमचं बीएड नि अनुभव चालतो. फक्त डिग्री अटेस्टेशनला आत्ताच लागा, आधी राज्य मग परराष्ट्र खातं मग यूएईची एम्बसी, माझ्या त्यात चपला झिजल्या. पगार ऐकून हुरळू नका, घरभाडं शाळा देते का ते आधी विचारा.

आयबीवाली_पुणे:
प्रिन्सिपलचं म्हणाल तर नुसत्या डिग्रीवर कोणी खुर्ची देत नाही हो, आधी एचओडी, मग कोऑर्डिनेटर, मग पुढचं. मुंबई-पुण्यात आयबी, केंब्रिज अशा आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळा आहेत, दोन वर्षं तिथे काढा, मग बाहेरच्या इंटरव्ह्यूत बोलायला काहीतरी असतं. मास्टर्स त्यानंतर, नोकरी करत ऑनलाइन.

गणितवाली_नाशिक:
बापरे, थँक्यू सगळ्यांना. एजंटचा सकाळपासून तिसरा फोन, शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरा म्हणतोय. नाही भरत. बीएडची मार्कशीट आईकडे सटाण्याला राहिलीये, रविवारी जाऊन आणते.