सायकल घेताना कुठे फसलात, काय जमलं? लिहा तुमचे अनुभव

ऑफिसातल्या तिघाचौघांना सध्या सायकलचं वेड लागलंय आणि सगळे मलाच विचारतात, म्हणून म्हटलं सगळ्यांनीच लिहा. दुकानदारी ज्ञान नको, स्वतःची कुठे जिरली ते सांगा.

आधी माझी. जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, २१ गिअर, दिसायला एकदम खतरनाक म्हणून एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची माउंटन बाइक उचलली. रोजचा रस्ता वारजे ते शिवाजीनगर, सगळा डांबरी! शॉकअपने वजन वाढतं आणि चढावर उभं राहून जोर लावला की तो स्प्रिंगच खाते. आठ महिन्यांनी निम्म्या किमतीत फुंकली आणि साध्या, बिनशॉकअपच्या फोर्कची हायब्रिड (एमटीबी आणि रोड सायकलच्या मधली) घेतली, ३५ मिमी रुंदीचे टायर. खड्डे पण सोसते आणि पळते पण.

*

मी नाशिकची. माझी सायकल बरोबर होती, सीट चुकीची. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत या हट्टापायी सीट पार खाली ठेवलेली, महिन्याभरात गुडघ्याच्या वाटीत असं दुखायला लागलं की विकायलाच काढली होती. एका काकांनी भिंतीला धरून बसवलं आणि टाच पॅडलवर ठेवायला लावली. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, मग चवड्याने मारलं की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. सीट चांगली दोन इंच वर गेली. सिग्नलला खाली उतरून उभं राहायचं, त्यात काय एवढं. आणि हो, 'नवऱ्याचीच वापर की' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, फ्रेम आपल्या उंचीची लागते.

*

पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुणे-लोणावळा-पुणे तसंच केलं. पुढचे दोन दिवस उभ्याने जेवलो.

*

माझी पहिली बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड; २०० किलोमीटर, मुदत साडेतेरा तास. १४० च्या आसपास मागचं चाक बसलं. स्पेअर ट्यूब होती, लिव्हर होते, ऐटीत टायर उतरवला आणि बघतो तर ट्यूब मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्वची, माझ्या रिमचं भोक प्रेस्टाचं, म्हणजे बारीक व्हॉल्वचं. जाईचना! पॅच मारावा तर सोल्युशनची ट्यूब कधीतरी उघडलेली, आत वाळून रबर झालेलं. मागून येणाऱ्या एकाने स्वतःची ट्यूब दिली म्हणून वीस मिनिटं राखून पोचलो. आता घरी एकदा चाक खोलून बघितल्याशिवाय निघत नाही. प्रेस्टावाल्यांनी पितळी अ‍ॅडाप्टर पण ठेवा, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याशिवाय बसत नाही.

*

इतकं सगळं वाचून हसू आलं, मी कोल्हापुरात अजून वडिलांची काळी २२ इंची चालवतो, बिनगिअरची. ब्रेकचे रबर बदलले, हेल्मेट घेतलं आणि मागे लाल ब्लिंकर लावला, तो दिवसा पण चालू असतो कारण माझ्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात. रंकाळ्यापर्यंत राणी आहे ती. पन्हाळ्याला एकदा नेली होती, वाघबीळपासून वर ढकलतच गेलो, येताना मात्र मजा आली.