समूह आरोग्य विम्यातून २५ व्या वर्षी मुलाचे नाव वगळले जाणार. आधी काय करावे?

चिंचवडकर (प्रश्न):
माझ्या कंपनीच्या समूह आरोग्य विम्यात मुलाचे नाव तो शाळेत असल्यापासून आहे. येत्या मार्चमध्ये तो २५ वर्षांचा होईल. तो अद्याप एम.टेक. करत आहे आणि त्याला लहानपणापासून दमा आहे. वय पूर्ण होताच नाव वगळले जाईल, एवढेच एचआर विभागाने कळवले आहे. शिक्षण सुरू असल्यास मुदत वाढवून मिळते का? स्वतंत्र पॉलिसी घेतल्यास दम्यासाठी पुन्हा प्रतीक्षा काळ (आधीपासूनच्या आजाराचा दावा मिळत नाही, तो सुरुवातीचा काळ) काढावा लागेल का?

निवृत्त लेखापाल:
खासगी कंपन्यांच्या समूह पॉलिसींना सरसकट लागू होईल अशी वयाची मर्यादा कायद्याने घालून दिलेली नाही. नियोक्ता आणि विमा कंपनी यांच्या करारात जे लिहिलेले असते तेच चालते, आणि २५ हा आकडा बहुतेक ठिकाणी रूढ झाला आहे इतकेच. त्यामुळे माहितीपत्रकावर विसंबून न राहता एचआरकडून मूळ पॉलिसीतील कलम मागवून घ्या. संरक्षण वाढदिवशी संपते की पॉलिसीचे वर्ष संपेपर्यंत टिकते, हे त्यातच कळेल, आणि या एका शब्दरचनेमुळे कित्येक महिन्यांचा फरक पडू शकतो.

विमा सल्लागार, ठाणे:
मुदतवाढीच्या मागे लागण्यापेक्षा, मुलाचे नाव यादीत असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याचा अर्ज द्यावा. विमा नियामकाच्या नियमांनुसार समूह पॉलिसीतील सदस्याला तसे करता येते आणि सलग संरक्षणाचा आधीचा काळ, जुन्या विमा रकमेपुरता, प्रतीक्षा काळात जमा धरला जातो. पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे, म्हणजे आपल्या मुलाला तो बहुधा पुन्हा काढावा लागणार नाही. मात्र विमा कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते आणि हप्ताही वाढवू शकते. दमा प्रस्ताव अर्जात स्पष्ट लिहावा. तो लपवला, तर पुढे दावा नाकारण्यास आयतेच कारण मिळते. ई-कार्डावर बहुधा चालू वर्षच दिसते, म्हणून मागील प्रत्येक वर्षाचे, मुलाचे नाव आणि विमा रक्कम नमूद असलेले प्रमाणपत्र एचआरकडून आताच घेऊन ठेवा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.

केंद्रीय कर्मचारी, नागपूर:
तुलनेसाठी सांगतो. आमच्या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, कमावू लागेपर्यंत किंवा त्याचे लग्न होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर पात्र असतो. मुलीला मात्र वयाची अट नाही, कमाई आणि लग्न या दोनच अटी आहेत. (हा भेद आजच्या काळात कितपत पटतो, हा वेगळा विषय.) कायमचे अपंगत्व असलेल्या अवलंबून मुलालाही वयोमर्यादा लागू होत नाही. राज्य कामगार विमा योजनेत शिकणाऱ्या अवलंबून अपत्यासाठी २१ वर्षांची मर्यादा आहे.

चिंचवडकर:
आभारी आहे. मुलाला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. त्यामुळे तो ‘अवलंबून’ राहत नाही, असे विमा कंपनी म्हणू शकते का?

विमा सल्लागार, ठाणे:
म्हणू शकते. स्वतंत्र उत्पन्न नसणे ही अट बहुतेक पॉलिसींच्या व्याख्येतच असते आणि विद्यावेतनाचा उल्लेख तेथे क्वचितच असतो. एचआरमार्फत विमा कंपनीकडून याबाबत ईमेलवर लेखी खुलासा मागवा. टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) हेल्पलाइनवर तोंडी मिळालेले उत्तर दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.