मदत हवी आहे: पेन ड्राइव्हमधली डिझाइन अर्धीच येते

टॉवेलवाला_सोलापूर: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे जेकार्ड (नक्षी विणणारे) माग आहेत. पेन ड्राइव्हवरून डिझाइन मागाला लावली. मोर मानेपर्यंत फक्कड आला, पुढं पिसारा नाही, नुसत्या आडव्या रेघा. सहा टॉवेल वाया. आणखी दोन डिझाइन टाकल्या, त्या उघडतच नाहीत. लवकर सांगा, माग बंद आहे.

खटपट्या: कितीचा पेन ड्राइव्ह? फॉरमॅट कुठला? काढताना इजेक्ट करता का?

टॉवेलवाला_सोलापूर: साधाच आहे. इजेक्ट कोण करतंय राव.

जुना_मेकॅनिक: मग तेच कारण. विंडोजचं चेकडिस्क मारा, स्लॅश एफ लावून, ते ड्राइव्ह तपासून दुरुस्त करतं. माझे सगळे ड्राइव्ह त्यानेच जिवंत झालेत.

खटपट्या: अजिबात मारू नका! आधी आतला डेटा दुसरीकडे घ्या. चेकडिस्क फाइलची मोडतोड करून ‘फाउंड’ फोल्डरात सीएचके नावाच्या फाइलींचे तुकडे टाकतं, मग बसा जुळवत.

जुना_मेकॅनिक: वीस वर्षं मारतोय, काही झालं नाही.

पुणेरी_पाहुणा: एसएसडी कधी डीफ्रॅग करू नये, झीज होते.

खटपट्या: अहो, एसएसडीचा विषय कुणी काढला? टॉवेलवाले, ‘साधाच’ म्हणजे किती जीबी? केवढ्याला घेतला?

टॉवेलवाला_सोलापूर: ५१२ जीबी. साडेचारशेला, गड्ड्यावर, आमच्या सिद्धेश्वर यात्रेत. यात्रेचे व्हिडिओ पण त्यातच आहेत, भरपूर. डिझाइन त्यानंतर टाकल्या. कॉपी केल्याकेल्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्या, चांगल्या होत्या.

खटपट्या: हे आधी सांगायचं ना! आत बहुतेक ३२ किंवा ६४ जीबीचीच चिप आहे, कंट्रोलरला (चिप सांभाळणाऱ्या भागाला) ५१२ सांगायला शिकवलंय. फाइलचं नाव आणि साइज दिसते, कारण ती यादी ड्राइव्हच्या सुरुवातीला असते. खरी जागा संपली की पुढचा डेटा हवेत. तुमचा मोर नेमका त्या हद्दीवर सापडला, पुढच्या दोन फाइल पलीकडे गेल्या. लगेच उघडल्यावर चांगल्या दिसल्या, कारण विंडोज तेव्हा रॅममधून दाखवत होतं. डेटा काढून घ्या, ड्राइव्ह रिकामा करा आणि एचटूटेस्टडब्ल्यू चालवा, ते खरी जागा किती ते तपासतं. लिनक्स असेल तर एफथ्री.

बाळीवेसकर: गड्ड्यावर पेन ड्राइव्ह घेतला व्हय बे? तिथं भाग्यश्री बटाटेवडा खायचा, निघायचं.

टॉवेलवाला_सोलापूर: चाचणी झाली. ५८ जीबी ठीक, बाकी सगळं लॉस्ट. पिसारा परत मिळेल का?

खटपट्या: ड्राइव्हवरून नाही. तो कधी लिहिलाच गेला नाही, मग रिकव्हरी कसली? मूळ फाइल कॉम्प्युटरवर असेल ना?

टॉवेलवाला_सोलापूर: कॉपी नाही, कट-पेस्ट केलं होतं. डिझायनरला फोन लावतोय.

जुना_मेकॅनिक: तरी एकदा चेकडिस्क मारून बघा.

पुणेरी_पाहुणा: ते सहा टॉवेल विकणार का? होलसेलमध्ये काय भाव?

टॉवेलवाला_सोलापूर: डिझायनरच्या मेलमध्ये मोर सापडला. आता दुकानातून बिलासकट १६ जीबीचा आणलाय. बाकी दोन डिझाइन नव्यानं काढायला लागणार. टॉवेल पोरांनी पुसायला नेले.