एकाच टॉवरवर ४० आणि १५ मीटर बँडचे अँटेना

हॅम रेडिओच्या १५ मीटर बँडचा डायपोल (मधून दोन भागांत ताणलेला वायरचा अँटेना) ४० च्या इन्व्हर्टेड व्ही (मध्य उंच, टोकं खाली उतरलेला डायपोल) खाली बांधला आणि १५ चा एसडब्ल्यूआर (अँटेना किती नीट जुळलाय त्याचं माप) बिघडला म्हणताय ना, तर वायर कापायची घाई करू नका. ४० ची साधारण २० मीटरची वायर २१ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे १५ च्याच बँडच्या, आसपास पण रेझोनेट होते (त्या फ्रिक्वेन्सीला जुळते), दीड वेव्हलेंथ (तरंगलांबी) पडते तिथे, म्हणून ती १५ ची पॉवर खाते. माझ्याकडे ८० आणि ४० शेजारी होते तेव्हा एवढा त्रास नव्हता. आधी शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) ४० चा कोॲक्स (अँटेनाची केबल) रेडिओतून काढून टोक उघडं ठेवा, मग शॉर्ट करा, आणि १५ चा एसडब्ल्यूआर बघा, हलला तर कपलिंगच आहे (एका अँटेनाची पॉवर दुसऱ्यात जातेय). मग दोन्ही अँटेना एकमेकांशी काटकोनात ताणा, गच्चीवर जागा असेल तर. नाहीतर सरळ ४० वरच १५ चालवा की, ट्यूनर (अँटेना रेडिओशी जुळवणारं यंत्र) लावून!