पसाऱ्याची किंमत हिशेबात दिसत नाही

पसारा ही केवळ टापटिपीची बाब आहे, पैशाशी तिचा संबंध नाही, हे मत मला पटत नाही. मागच्या महिन्यात एक खण आवरताना मला एकाच मापाचे तीन स्क्रूड्रायव्हर सापडले. त्यांतील दोन, पहिला वेळेवर सापडला नाही म्हणूनच आणलेले होते, आणि त्यांच्याखाली पंख्याची ती पावती होती, जिच्या अभावी मी वॉरंटीच्या मुदतीतही दुरुस्तीचे पैसे भरले होते.

पैशापलीकडे मनःस्वास्थ्याबाबत सांगायचे तर, डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या मानसशास्त्राच्या अभ्यासकांच्या २०१० सालच्या अभ्यासात, स्वतःच्या घराचे वर्णन करताना पसारा व अर्धवट कामे यांचा उल्लेख अधिक करणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तितकी उतरत नसल्याचे आढळले. (अर्थात यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आधीच थकलेल्या माणसाच्या हातूनही घर आवरले जात नाही.)

वस्तू टाकवत नाही, यामागे मात्र नेहमी आळस नसतो. ती एकदा आपली झाली की आपण तिचे मोल वाढवून धरतो आणि मग विकताना मिळणारी किंमत अपमानास्पद वाटते. माझा जुना प्रिंटर याच हट्टापायी दोन वर्षे कपाटावर धूळ खात राहिला आणि शेवटी भंगारात गेला.