मदत हवी आहे: जीक्लाउडने परवानगी देताना पॉलिसी स्वीकारली जात नाही

नमस्कार. गूगल क्लाउडवरील प्रोजेक्टमध्ये एका सहकाऱ्याला केवळ पाहण्याची परवानगी द्यायची आहे. मी जीक्लाउड या कमांड-लाइन टूलने सध्याची आयएएम पॉलिसी (कोणाला कोणती परवानगी आहे याची यादी) जेसन फाइलमध्ये उतरवून घेतली, ‘व्ह्यूअर’ या रोलखाली ‘यूजर:’ असे लिहून त्यांचा ईमेल पत्ता जोडला आणि ‘सेट-आयएएम-पॉलिसी’ ही कमांड चालवली. परंतु दरम्यान पॉलिसीत अन्य बदल झाल्याची त्रुटी दाखवून ती थांबते.

फाइलमधला ईटॅग (पॉलिसीच्या आवृत्तीची खूण) सर्व्हरवरील ईटॅगशी जुळला नाही की असे होते, हे मला माहीत आहे. मात्र फाइल नव्याने उतरवून मिनिटभरात पाठवली, तरी तेच घडते. ईटॅगची ओळ काढल्यास जुनी पॉलिसी बदलायची का, एवढेच टूल विचारते. पण त्यात इतरांनी नुकत्याच दिलेल्या परवानग्या पुसल्या जातील, म्हणून ती वाट मला अजिबात नको आहे.

आमची एखादी स्वयंचलित स्क्रिप्ट त्याच वेळी पॉलिसी लिहीत असावी, अशी शंका आहे. ऑडिट लॉगमध्ये (कोणी काय बदलले याच्या नोंदींत) ‘सेटआयएएमपॉलिसी’ शोधून ती नेमकी सापडेल का? पॉलिसीत काही सशर्त बाइंडिंग (ठरावीक अटीवरच लागू होणाऱ्या परवानग्या) आहेत. अशा वेळी ‘ॲड-आयएएम-पॉलिसी-बाइंडिंग’ या कमांडला कंडिशन ‘नन’ (म्हणजे कोणतीही अट नाही) देऊन एकच नोंद जोडणे सुरक्षित ठरेल का? अनुभवींनी कृपया मार्गदर्शन करावे.