उत्तर: उत्तर: तातडीचे – शनिवार, मॉरिसवाल्यांच्या काठ्या

सचिव:
मंडळी, हॉलच्या केअरटेकरचा फोन आला होता. फ्लोअरला नवं पॉलिश झालंय, त्यावर काठ्या आपटलेल्या चालणार नाहीत. शनिवारच्या आपल्या कार्यक्रमात मॉरिसवाल्यांच्या, म्हणजे मॉरिस हे इंग्रजी लोकनृत्य नाचणाऱ्यांच्या, यादीत पहिलाच 'बीन सेटिंग' हा काठीचा नाच आहे आणि त्यात काठीचं टोक जमिनीवर ठोकतात. पुढच्या पटांगणात ढोल-ताशा. आज रात्री पत्रिका छापायला जाणार, त्याआधी काय ते ठरवा. त्यांच्या परिचयाच्या चार ओळीही अजून कुणी पाठवलेल्या नाहीत.

लेझीम गट:
एवढं काय त्यात? काठ्या नकोत, रुमालाचे नाच करा म्हणावं. 'लॉडनम बंचेस' आणि 'ब्लू-आइड स्ट्रेंजर' दोन्ही रुमालाचेच. आमची वेळ ६.४०, ती हलणार नाही. दिवाळीला काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.
परिचय घ्या: "लोकसंगीताचे संग्राहक सेसिल शार्प यांनी १८९९ साली ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी इथे हे नृत्य शोधून काढले." चार ओळी कशाला?

क्वारीचे काका:
"शोधून काढले" म्हणे! नाचणारे काय हरवले होते?
१८८७ नंतर क्वारीचा संच बसला होता, हे खरं. पण त्याला पुन्हा उभा केला पर्सी मॅनिंगने. हा ऑक्सफर्डचा, जुन्या चालीरीती आणि वस्तू गोळा करणारा माणूस. त्याने जमवलेल्या वस्तू पिट रिव्हर्स म्युझियममध्ये आहेत, मुलांना घेऊन जाता तेव्हा पुढच्या म्युझियममधले डायनोसॉर पाहून परत फिरू नका. १८९९च्या मार्चमध्ये त्याने या मंडळींना ऑक्सफर्डच्या कॉर्न एक्स्चेंजमध्ये नाचवलं. शार्पसाहेब आले डिसेंबरात, नाताळासाठी सासुरवाडीला! २६ डिसेंबरला सँडफील्ड कॉटेजच्या दारात हे लोक नाचायला आले. खरं तर यांचा हंगाम व्हिटसनचा, म्हणजे मे-जूनचा. पण थंडीने बांधकामं बंद, हातात पैसा नाही, म्हणून भर हिवाळ्यात बाहेर पडले. कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी पेटी) वाजवणारा विल्यम किंबर स्वतः गवंडी. वडीलही याच संचातले. शार्पने दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून पाच चाली लिहून घेतल्या. त्या पाचांत 'बीन सेटिंग' आहे. आणि आपण पॉलिशसाठी तेच गाळणार?
प्लायवूड अंथरा.

खजिनदार:
प्लायवूडचे पैसे कोण देणार? डिपॉझिट अजून गेल्या वर्षीचंच अडकलंय. शिवाय ते नाचून झाल्यावर बिअर मागतील. हॉलला लायसन्स नाही, पन्हं चालेल का विचारून ठेवा.

ढोल पथक:
पन्हं आम्हालाही ठेवा. पटांगण मात्र आमचंच राहील. कौन्सिलला पत्र आम्ही दिलंय, शेजाऱ्यांच्या घरी चिठ्ठ्या आम्ही टाकल्यात. काकांचा इतिहास वाचनीय आहे, पण आठनंतर आवाज बंद, तेव्हा अर्धं पटांगण कुणाला वगैरे चर्चा नको.

निवेदनवाल्या वहिनी:
परिचय मलाच वाचायचाय, म्हणून विचारते, यात बायका कुठे आहेत? १९०५ मध्ये मेरी नील यांच्या एस्पेरान्स क्लबमधल्या, लंडनच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींना हे नाच शिकवायला किंबर आणि त्याचा चुलतभाऊ गेले होते. मुलींनी ते भराभर उचलले आणि पुढे त्याच गावोगावी शिकवायला जायला लागल्या. मग शार्प आणि नीलबाईंचं बिनसलं. शार्पला पाऊल न् पाऊल गावकऱ्यांसारखं हवं, नीलबाईंचं म्हणणं आधी मजा येऊ दे. माझं मत नीलबाईंना. आपल्याकडे दर फेब्रुवारीत लेझीमच्या तालमीला हेच भांडण होतं.

लेझीम गट:
टोमणा पोचला. लेझीम तालमीतून आलीय वहिनी, ती कवायत आहे. सोळा जण एका घाईला (ठेक्याला) वाकले नाहीत तर कुणाच्या तरी नाकावर बसते. मजा आपोआप येते. आणि आमच्यात बायका निम्म्याहून जास्त आहेत, तेव्हा तो मुद्दा आम्हाला लावू नका.

नवीन सदस्य (डिडकॉट):
मध्येच विचारतो, क्षमस्व. तोंडाला काळं फासून नाचतात ते हेच का? मुलीला आणायचं की नाही ते ठरवायचंय.

क्वारीचे काका:
नाही, ते मुख्यतः वेल्सच्या सीमेकडचे, बॉर्डर मॉरिसवाले. मॉरिसच्या तिन्ही संघटनांनी २०२० मध्ये सांगून टाकलं की पूर्ण काळं तोंड आता चालणार नाही. आपल्या ऑक्सफर्ड भागातल्या कॉट्सवोल्ड पद्धतीत पांढरे कपडे, छातीवर तिरपे पट्टे, नडगीला घुंगरं. मुलीला खुशाल आणा.
नडगीची ती घुंगरं आणि कॉन्सर्टिना किंबरच्या थडग्यावरही कोरलीत. १९६१ साली गेला, क्वारीच्या होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात आहे. लोक तिथे 'नार्निया'वाल्या सी. एस. लुईसची कबर बघायला येतात आणि याच्या बाजूने निघून जातात. वहिनी, मॅनिंगचं नाव परिचयात घाला, नाहीतर मी प्रेक्षकांतून ओरडेन.

निवेदनवाल्या वहिनी:
घातलं. नीलबाईही घातल्या. शार्प एका वाक्यात.

सचिव:
मॉरिसवाल्यांशी बोललो. त्यांना हॉल नकोच होता! रस्त्यावर, पबसमोर नाचायची सवय, पॉलिशवर पाय घसरतो म्हणाले. मागच्या कार पार्कमध्ये नाचतील, 'बीन सेटिंग'सकट. पाऊस आला तर छपराखाली रुमालाचे दोन. पन्हं चालेल, नंतर ते पबात जाणारच आहेत. सर्वांना विनंती, पाचनंतर मागे गाड्या लावू नका.

खजिनदार:
मागच्या कार पार्कमध्ये वडापावचा स्टॉल आहे. कढई, सिलिंडर सगळं तिथेच ठरलंय. त्याला कुठे पाठवू?

ढोल पथक:
पटांगणात नाही.